साय काढलेलं दूध

ही गोष्ट मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेली नाही. तिला तर नाहीच — दिवस मावळायच्या आत तिनं ती अख्ख्या दौंडात पोचवली असती. तुम्हाला सांगते. तुम्ही कुठं आमच्या वस्तीतले?

आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले आणि घरी बसून चांगलेच सुटले. आधी पोट दारातून यायचं, मागून हे. मला कौतुकच! माझ्या हातचं अंगी लागतं म्हणून मी मिरवायची. दोन हजार सालानंतरची गोष्ट असेल — पोटात जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर डॉक्टर म्हणाले, लिव्हरवर चरबी चढलीय. तेल, तूप, गोड कमी करा आणि रोज चाला.

ह्यांनी ते रेल्वेचा हुकूम असल्यासारखं पाळलं. सकाळी भीमेच्या पुलापर्यंत चालणं, बिनसाखरेचा चहा, साय काढलेलं दूध. थोड्याच दिवसांत गाल बसले. आणि एका लग्नात माझी नणंद चारचौघींत म्हणाली, "काय वं वहिनी, माझ्या भावाला खायला घालताय का न्हाई?"

माझं डोकंच फिरलं. मग काय केलं मी? सांगते, जरा दम धरा. ह्यांच्या देखत दुधावरची साय काढायची आणि हे चपला घालून बाहेर पडले, की तीच साय घोटून परत दुधात. कणकेत तुपाचं मोहन. आमटीत गुळाचा खडा जरा मोठा. हे जेवता जेवता म्हणायचे, "पथ्याचं असून बी काय चव हाय गं तुझ्या हाताला!" लाज वाटायची का मला? नाही हो. गंमत वाटायची. गाल पुन्हा भरले तेव्हा तर मी नणंदेला मुद्दाम जेवायला बोलावलं.

हसताय ना? हसा. मीही तेव्हा हसतच होते.

आमचा मुलगा रांजणगावला कंपनीत, राहायला शिरूरला. पुढच्या खेपेला त्यानं ह्यांना तिकडच्या डॉक्टरांकडं नेलं. लिव्हर आधीपेक्षा वाईट निघालं. ह्यांनी छाती पुढं काढून आपलं पथ्य सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "घेता का थोडी?"

आता हे कोण होते, ते सांगायलाच हवं. दर पौर्णिमेला विहारात पुढं बसून पंचशील म्हणायचे ते आमचे हे. पाचवं शील दारूला न शिवण्याचं. तिथं आलं की ह्यांचा आवाज चढायचा आणि मागं बसलेले काहीजण खाली बघायचे. आयुष्यात थेंब नाही घेतला या माणसानं. ह्यांनी "न्हाई" म्हटलं. डॉक्टर नुसते हसले. मुलानं मला बाहेर नेलं. "आई, खरं सांग. बाबा घेत्यात का?"

साय मी घालते रे — एवढंच बोलायचं होतं. पण नवऱ्याला आजारी पाडणारी बाई व्हायचं? तेही मुलासमोर, सुनेसमोर? मी पदर डोळ्यांना लावला आणि गप्प राहिले. त्यानं जे समजायचं ते समजून घेतलं. आणि मला — खरं सांगू? — सुटल्यासारखं वाटलं.

मुलानं काळजीपोटी वस्तीतल्या एका मित्राला बापावर लक्ष ठेवायला सांगितलं. मग काय, बोभाटा व्हायला कितीसा वेळ! पुढच्या पौर्णिमेला पाचव्या शीलाला कुणीतरी खुदकन हसलं. त्यानंतर हे कधी पुढं बसले नाहीत. मागं भिंतीपाशी बसून हात जोडायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "पोरांना बी शिकू दे की." मला फार वाईट वाटलं. तरी तोंड उघडलं का मी?

घोटलेली साय मात्र बंद केली. मोहन बंद, गूळ बंद. हे हलके झाले, पुलापलीकडं जाऊन यायला लागले, नातवाच्या सायकलमागं पळायला लागले. म्हातारपण अगदी मजेत चाललं. नवा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा मुलानं ह्यांचे पायच धरले. "बाबा, सोडलीत तुम्ही. लई मोठं काम केलंत."

मी स्वयंपाकघरात, कान बाहेर. वाटलं, आता हे भडकणार.

"व्हय बाबा," हे म्हणाले. "सोडली."

मुलगा गेल्यावर मी विचारलं, असं का हो म्हणालात? "लेकरू किती खुश झालं, बघितलं न्हाईस का?" म्हणाले आणि ताक मागितलं.

पुढं बरीच वर्षं हे धडधाकट जगले आणि गेले ते पिकल्या वयात. पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. मुलानं माईक घेतला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, की माझ्या वडिलांनी उतारवयात दारू सोडून दाखवली, तरुणांनी त्यातून शिकावं. लोकांनी माना डोलावल्या. मग माईक माझ्या हातात आला. अख्खी वस्ती समोर बसलेली.

मी म्हणाले, "जेवल्याबिगर कुणी जाऊ नका."