कलंडलेली गाडी

चहा आधी संपवा, मग सांगतो. ऐकताना तुम्ही हसणार, आणि चहा अंगावर सांडणार. माझी अब्रू गेली ती गेलीच, तुमचा सदरा तरी वाचू दे.

झालं काय, आमच्या अमोलनं लग्नाला मुलगी स्वतःच पसंत केली. राजश्री, तासगावच्या द्राक्षबागायतदाराची लेक. पोरगी गुणी, बोलायला गोड. पण काम काय करते, तर शिल्पं! आम्ही उंब्रजचे ऊसवाले. आमच्या घरात आजवर घडवलेली वस्तू म्हणजे गोठ्यातली गव्हाण.

साताऱ्याजवळच्या एका कलासंग्रहालयानं मागच्या माळावर पायवाट काढलीय आणि वाटेच्या कडेनं उघड्यावर शिल्पं मांडलीत. तिथं राजश्रीचंही एक काम नुकतंच बसवलं होतं. दोन्ही घरांनी मिळून ते बघायचं आणि तिथंच बसून लग्नाची तारीख धरायची, असं ठरलं. काम कसलं, ते मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. अगदी वडिलांनासुद्धा नाही. येऊन बघा, एवढंच म्हणाली.

वाटेत अमोलनं मला दम भरला. "आप्पा, तिथं काय बोलू नका. नुसतं बघायचं आणि छान हाय म्हणायचं."

आता पोराच्या लग्नाचा प्रश्न. मी कशाला तोंड उघडतोय?

पोचल्यावर दोघी विहिणी गुडघ्यांचं कारण सांगून फाटकाजवळच्या सावलीत बसल्या. अमोल आणि राजश्रीला संग्रहालयाच्या माणसांनी बोलत थांबवलं. म्हणून मी आणि होणारे व्याही, दादासाहेब, दोघंच पुढं निघालो.

पहिलं शिल्प म्हणजे मधोमध भोक असलेला काळा दगड. मी म्हणालो, छान हाय. दादासाहेब म्हणाले, छान हाय. पुढं लोखंडी नळ्यांचं भेंडोळं होतं. तेही दोघांनी छान ठरवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्यांनाही लेकीनं घरून पढवून आणलेलं दिसतंय.

पुढच्या वळणावर बघतो तर काय, वाटेच्या कडेला बैलगाडी कलंडलेली. एक चाक मातीत, दुसरं हवेत, जू वाकडं होऊन आभाळाकडं.

आता तुम्हीच सांगा, ऊस वाहण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलं, तो माणूस कलंडलेली गाडी बघून 'छान हाय' म्हणेल का? आमच्याकडं गाडी कलंडली की कुणाची हे कोण विचारत नाही. आधी खांदा, मग चौकशी.

मी इकडं तिकडं बघितलं. बैल दिसेनात. सोडून पाण्यावर नेले असतील, असं दादासाहेब म्हणाले. तोवर मी बाह्या सरसावल्या होत्या. मागून कऱ्हाडकडचे दोन धट्टेकट्टे गडी येत होते, त्यांना हाक मारली. तेही शेतकरीच निघाले. काही न विचारता येऊन भिडले.

पण गाडी हलेना. वाकून बघितलं तर खालच्या चाकाला कुणीतरी लोखंडी खुटी मारून ठेवलेली. असल्या जागी खुटी मारणाऱ्याच्या अकलेचं मला लय नवल वाटलं. मी ती हलवून हलवून उपसली आणि गवतात भिरकावून दिली. मग चौघांनी मिळून असा रेटा दिला की गाडी धाडदिशी दोन्ही चाकांवर उभी. एका गड्यानं तर टाळ्या वाजवल्या.

दादासाहेब कपाळ पुसत गाडीच्या पलीकडं गेले आणि तिथंच उभे राहिले. मी जाऊन बघितलं. गवतात पितळी पाटी होती. पाटीवर राजश्रीचं नाव, आणि वर शिल्पाचं नाव.

'कुणीच थांबलं नाही.'

मागं वळलो तर राजश्री वाटेवर उभी, शेजारी अमोल. अमोलचा चेहरा पांढराफटक. "आप्पा, तुमाला सांगितलं होतं ना?"

"पण मी बोललो कुठं काय?" मी म्हणालो.

राजश्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली. मग पाटीकडं बघितलं, मग आम्हा चौघांच्या मातकट हातांकडं. मला वाटलं, मोडलं लग्न. आता घरी तोंड कसं दाखवायचं?

"बाबा, तुमीपण?" ती वडिलांना म्हणाली.

"आगं, पडलेली दिसली," दादासाहेब पुटपुटले.

आणि ती पोरगी मटकन खाली बसली आणि डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, नाव तरी बदलायला लागेल, नाहीतर तुम्हाला इथनं हाकलायला लागेल.

मग गाडी परत कलंडवायचं काम निघालं. उभी करणं सोपं होतं हो. तिच्या मापात आडवी करणं महाकठीण! थोडी वर, थोडी खाली, असं करत शेवटी एका जागी तिनं मला खांदा लावून उभं केलं. "काका, आता अजिबात हलू नका," असं बजावलं आणि सगळे खुटी शोधायला गवतात पांगले.

मी हललो नाही. एवढं झाल्यावर सूनबाईचा शब्द मोडायची माझी हिंमत नव्हती.

तेवढ्यात सांगलीकडचं एक जोडपं आलं. बाई माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"आवं, हिकडं बघा. म्हातारा किती हुबेहूब केलाय."

नवरा माझ्याभोवती फिरला, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "काम बरं हाय. पण पोट लय काढलंय. राबणाऱ्या माणसाचं पोट एवढं असतंय व्हय?"

"तेवढंच चुकलंय," बाई म्हणाल्या.

हलायचं नाही, बोलायचंही नाही. करणार काय? मी हळूच पोट आत ओढून घेतलं.

बाईंची किंकाळी ऐकून फाटकाजवळनं दोघी विहिणी गुडघे विसरून धावत आल्या.