जोगळेकरकाकांचं गोठणारं तळं

डिसेंबर लागला की जोगळेकरकाका तळ्याला गोधडी गुंडाळत. तीही कुवेतमध्ये. जिथे उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळतो, तिथे हे गृहस्थ पाणी गोठू नये म्हणून जिवाचं रान करत. आधी तळ्याला गोधडी, मग स्वतःला कानटोपी, असा त्यांचा क्रम ठरलेला होता.

तळं हा शब्द त्यांचा. घरमालकाने गच्चीवरची प्लॅस्टिकची जुनी टाकी फेकायला काढली होती. काकांनी ती मधोमध कापून घेतली, अंगणात बोरीच्या झाडाशेजारी ठेवली आणि शुक्रवारच्या बाजारातून सोनेरी मासे आणून तिच्यात सोडले. सबाह अल-सालेम भागातल्या त्या घरात खाली काका-काकू, वर आम्ही. मी एकदा "काका, तुमची टाकी गळतेय का?" असं विचारलं, तर ते दुखावले. "टाकी नको म्हणू गो. टाकीत नुसतं पाणी असतं. यात जीव आहेत." एका व्यापारी कंपनीत आयुष्यभर हिशेब तपासलेला हा माणूस शब्दही तसेच तपासून घेई.

या गोधडीमागे एक घटना होती. तळं केलं त्या पहिल्याच हिवाळ्यात एका पहाटे काकांनी खालून हाका मारल्या, "पाणी गोठलं! या, बघायला या लवकर!" आम्ही शाली शोधून, चपला शोधून खाली पोचेपर्यंत अंगणात ऊन आलं होतं आणि पाणी नेहमीसारखं हलत होतं. एक मासा मात्र उलटा तरंगत होता. "बिचाऱ्याला थंडीने गिळलान," काका म्हणाले. दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, बर्फ कसला? साय धरली असेल!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. तेव्हापासून मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारायचंच, "काय काका, यंदा साय किती?" काका स्वतःही हसत. पण त्याच दिवशी दुपारी त्यांनी तो मासा बोरीखाली पुरला, तेव्हा वरच्या खिडकीतून मी त्यांचा चेहरा पाहिला होता. तिथून पुढे त्यांचा एकच ध्यास राहिला, या तळ्यातला जीव पुन्हा थंडीने जाता कामा नये.

त्यासाठी त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. "जमिनीत खणलेल्या तळ्याला जमिनीची ऊब असते. आमचं हे चहूबाजूंनी उघडं," असं ते कुणालाही थांबवून सांगत. म्हणून बाहेरून थर्माकोल, त्यावर गोधडी आणि वरून सुतळी. थर्माकोल फ्रिजच्या खोक्यातला. आमचा नवा फ्रिज आला तेव्हा काकांनी फ्रिजकडे बघितलंही नाही, खोकंच उचलून नेलं. थंडीत मासे तळाशी ऊब धरून बसतात, म्हणून तळ ढवळू नये यासाठी पाणी खेळवणारी मोटर वर उचलून ठेवायची. खाणं कमी घालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्यात नारळ सोडायचा.

नारळ तरंगत, हलत राहिला की त्याच्याभोवती बर्फ धरत नाही आणि माशांना हवेची वाट मोकळी राहते, असा त्यांचा सिद्धान्त. लोक यासाठी चेंडू सोडतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "चेंडू हलका गो, वाऱ्याने उडून जायचा. नारळाला वजन आहे." तोही सोललेला चालत नसे. गुहागरच्या घरचा, सोडणासकट हवा. एकदा विमानतळावर तपासणीच्या माणसाने तो अवाढव्य नारळ पिशवीतून बाहेर काढून विचारलं, "ये क्या है?" काका खरं बोलणारे. म्हणाले, "फॉर आइस." त्या माणसाने काकांकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि नुसत्या हातानेच जा म्हणून सांगितलं.

घरमालक येता-जाता त्यांची फिरकी घेई. "जोगा! इधर बर्फ माकू, माकू!" माकू म्हणजे नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका गोधडीतल्या टाकीशेजारी उभ्या राहून फोटो काढत. माझी लेक म्हणायची, "काका, धिस इज कुवेत, नॉट कॅनडा!" काका तिच्या हातावर तिळाची वडी ठेवून म्हणत, "तयारी आपली. यायचं की नाही, ते थंडी बघून घेईल."

थंडी काही आली नाही. म्हणजे दात वाजवण्याइतकी दरवर्षी यायची, पण पाणी गोठवणारी पुन्हा आली नाही. गेल्या उन्हाळ्यात काका निवृत्त झाले आणि दोघं कायमची गुहागरला निघाली. घरमालक टाकी हलवायच्या बेतात होता. काकांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम देखेगा, तो माकू मुश्किल." निघताना काका माशांकडे बघत मला म्हणाले, "तू हसतेस, पण विसरायची नाहीस." मला एकदम रडूच आलं.

या जानेवारीत एका संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला. मी गोधडी नीट आवळली, मोटर वर घेतली, नारळ सोडला. पहाटे खाली गेले आणि जागच्या जागी थांबले. पाण्यावर काचेसारखा पातळ पापुद्रा होता. मी घरमालकाचं दार वाजवलं. तो जाड, पायघोळ दिश्दाशा सावरत आला, वाकला आणि बोटाने टिचकी मारायला लागला. "मारू नका! मासे घाबरतात!" मी ओरडले. मराठीतच. आवाज माझा होता, वाक्य काकांचं. तो हात मागे घेऊन पुटपुटला, "वल्लाह, बर्फ."

मी व्हिडिओ कॉल लावला. काका गुहागरच्या ओटीवर चहा घेत होते. मी फोन तळ्यावर धरला. काकांनी कप खाली ठेवला.

"नारळ हलतोय?"

मी बोट लावलं. नारळ डुलला. त्याच्याभोवती हातभर पाणी मोकळं होतं.

"आणि मासे?"

तळाशी सगळे होते. शेपट्या संथ हलत होत्या. मी तसं सांगितलं. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि आतल्या दिशेने हाक मारली, "अगो, जरा ये इकडे. बघ."

काकू पदराला हात पुसत आल्या. डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"अगोबाई, बर्फच हो."

"काय म्हणालीस? मोठ्याने बोल, ऐकू आलं नाही मला," काका म्हणाले.

काकांचे कान अगदी तिखट आहेत. काकूंनाही ते ठाऊक आहे. पण त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या आवाठातल्या घरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.