दोन गाण्यांच्या मधला दादा

माझ्या लग्नाची डीव्हीडी मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत कधी धड पाहिली नव्हती. आपलंच लग्न बघत कोण बसतं? मंगरूळपीरला माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ती पडून होती. दादा गेल्यावर काही दिवसांनी मायचा फोन आला.

"तुह्या लग्नात थो बोलला असन न व काही? मले आयकव."

दादा माझा थोरला भाऊ. कामरगावला मळा करायचा. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पहाटे गाडीत माल टाकून कारंज्याच्या बाजारात जायचा. एका पहाटे छातीत दुखायला लागलं आणि कारंज्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचे फोटो भरपूर आहेत. आवाज मात्र कुठेच नव्हता. व्हॉइस मेसेज त्याला पोरखेळ वाटायचा. "बोलाचं असन त फोन लाव न सरळ," म्हणायचा. आणि मायला फोटोंचा उपयोग नाही. माझ्या लग्नानंतर काचबिंदूने तिची नजर गेली. उजेड आणि सावली, एवढंच तिला कळतं.

लॅपटॉपवर तिला एकदा ऐकवता आलं असतं. पण मी परत आल्यावर तिच्याकडे काय उरणार? कामरगावच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो. त्यावर चालेल असं काही करून दिलं तर वहिनी हवं तेव्हा लावून देईल, असा मी विचार केला. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कॉम्प्युटर आपल्याला येतो असा माझा समज होता. तो पहिल्याच रविवारी खोटा ठरला.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. त्याने प्रत्येक दृश्याच्या मधोमध स्वतःचं नाव छापलं, नेमकं दादाच्या कपाळावर. मला असा संताप आला की लॅपटॉप मिटून मी भांडी घासायला गेले. दुसरंही फुकटचं, पण सभ्य निघालं. त्यात मात्र पर्यायांची ही लांबलचक रांग. एच २६४ की एच २६५, म्हणजे व्हिडिओ साठवायची जुनी पद्धत की नवी? बिटरेट किती? मी आठवडाभर तेच वाचत होते. व्हिडिओ लहान कसा होतो, तेही वाचलं. जे हलत नाही ते सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा साठवत नाही. भिंत एकदाच ठेवायची, मांडव एकदाच. पुढे फक्त काय हललं तेवढंच. हे वाचून मी रडले. आमच्या घरात भिंत तीच आहे, बाज तीच, मळ्यातल्या मोटारीचा पाइपही तोच. जो हलत होता तेवढाच गेला.

मी नवं ते चांगलं म्हणून एच २६५ निवडलं. फाइल छोटी, चित्र स्वच्छ, दादाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. आवाज मी पूर्ण वेळ बंद ठेवला होता. ऐकायची माझी हिंमत नव्हती. पेनड्राइव्ह घेऊन कारंज्यावरून कामरगावला गेले, तर टीव्हीने फाइल उघडलीच नाही. टीव्ही जुना, त्याला हे नवं कळेना. माय बाजेवर कान देऊन बसली होती. मी पेनड्राइव्ह काढून घेतला आणि पुढच्या बसने परतले.

पुढच्या वेळी एच २६४ करून नेलं. चित्र लागलं. वहिनीने दादाला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. पण आवाज येईना. डीव्हीडीतला आवाज मी होता त्याच प्रकारात राहू दिला होता आणि तो या टीव्हीला चालत नव्हता. पडद्यावर दादा हात हलवून कुणाला तरी काही सांगत होता, ओठ हलत होते.

"लागलं का व?" मायने विचारलं.

"लागलं, माय."

"मंग थो बोलत काहून नाही?"

मला माझा, टीव्हीचा, सगळ्यांचाच राग आला.

तिसऱ्या खेपेला आवाजही टीव्हीला चालेल असा करून, पण स्वतः न ऐकताच, आणला. बटण दाबलं आणि सनई वाजली. मग सिनेमाचं गाणं. मग दुसरं. दादा मंडपात पळतोय, पाहुण्यांना पाणी देतोय, हसतोय, आणि वर गाणंच. तेव्हा वहिनीने सांगितलं, की लग्नानंतर दादा स्वतः कारंज्याच्या व्हिडिओवाल्याकडे दिवसभर बसला होता. गाणी त्यानेच निवडली होती. "लोकायचा कालवा सारा काढून टाक, बहिनीचं लगन हाय, मस्त गाने टाक," म्हणाला होता. आमच्याकडे सगळेच असं करून घेतात. लोकांचा कालवा कोणाला हवा असतो?

"हे त गाने होय," माय म्हणाली. "माहं लेकरू कुठी हाय?"

बंद करायला मी उठले होते, तेवढ्यात एक गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आधी जरा फट राहिली होती, आणि त्या फटीत मांडवाचा खरा कालवा ऐकू आला. भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी पोर रडलं, आणि त्यावर दादा:

"माय, इकडे पाय न!"

लगेच ढोलकी सुरू झाली. पडद्यावर दादा नव्हताच, तो कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. दिसत होती माय, पंगतीसाठी सांबार निवडत बसलेली. तो इकडे बघ म्हणत होता, पण कामाच्या नादात तिने वर पाहिलंही नव्हतं.

मायने माझा हात घट्ट धरला. "आता बोलला थो. पुढं काय म्हने?"

"पुढे गाणं आहे, माय."

चित्राची मग गरजच उरली नाही. एवढा घोळ घालून जपलेलं ते सगळं चित्र मी काढून टाकलं. फक्त तो आवाज कापून, सगळ्यात साध्या प्रकारात, मायच्या बटणांच्या फोनमध्ये टाकला. कुठलं बटण दाबायचं ते तिला बोट धरून शिकवलं.

परवा गेले तेव्हा ती ओसरीत सांबार निवडत होती. माझी चाहूल तिला लागली नाही. तिने चाचपून फोन घेतला, बटण दाबलं. "माय, इकडे पाय न!" हातातली जुडी खाली ठेवून तिने मान वर केली, आवाजाच्या दिशेने.

"पाहून राह्यली न रे, बाप्पू," म्हणाली. आणि मान तशीच वर धरून बसून राहिली.