ओव्हरड्राइव्हसाठी पालमपर्यंत

राहात्याहून सकाळी निघाले तेव्हा डाव्या कानात कापसाचा बोळा होता आणि मागे पोखर्णीच्या एका बागायतदाराची पेरूची रोपं. रिकामी गाडी लांब न्यायची नाही, हा माझा नियम. बोळा डॉक्टरांच्या सांगण्यावरून. माझी रोपवाटिका आहे, रोपं मीच पोचवते, आणि माझी जुनी डिझेल पिकअप चार गिअरची आहे. साठच्या पुढे गेली की इंजिन किंचाळतं. वर्षानुवर्षं ते ऐकून कानात शिट्टी बसली आहे. "लांबचे प्रवास सोडा, नाहीतर गाडी सोडा," डॉक्टर म्हणाले. प्रवास सोडले तर रोपवाटिका चालत नाही आणि दुसरी गाडी सध्या जमणारी नाही.

राहिला ओव्हरड्राइव्ह. मूळ गिअरबॉक्सच्या मागे बसणारी ही छोटी पेटी. ती लावली की चाकं त्याच वेगाने फिरतात, इंजिन मात्र सावकाश. माझ्या गाडीला चालेल अशी पेटी पालमच्या एका गॅरेजात आहे असं कळलं. फोनवरून मापं जुळवली आणि निघाले.

परभणी सोडल्यावर रस्ता सपाट होतो. दोन्हीकडे काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, बांधावर तूर. पोखर्णीत रोपं उतरवली. नरसिंहाच्या दर्शनाला आलेल्यांच्या गाड्यांतून वाट काढायलाच वेळ गेला. बागायतदाराच्या घरी येसर (भाजलेल्या धान्यांच्या आणि मसाल्याच्या पिठाची आमटी) आणि ज्वारीची भाकरी मिळाली. येसर इतकी तिखट होती की कानाची आठवण राहिली नाही. मग गंगाखेडला गोदावरी ओलांडून दुपारी पालम.

गॅरेज बस स्टँडच्या पुढे आहे. मालक गफूरभाई, साठीचे, चष्मा दोऱ्याने गळ्यात. त्यांनी पिकअपखाली डोकं घातलं आणि तिथूनच विचारलं, "ताई, ही गाडी कोण चालवायलंय?" (कोण चालवतं?)

"मीच."

"मग क्लच इतका चांगला कसा?"

दुसऱ्या दिवशी पेटी बसली. तिला जागा करायची म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवर कापून आखूड केला, पुन्हा वेल्ड केला. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आला. मी लगेच चक्कर मारायला निघाले, तर गफूरभाई आडवे आले.

"रिकामी? रिकाम्या गाडीचं मागलं अंग उचललेलं ऱ्हातं. शाफ्ट खरा कसा चालतो ते कळत न्हाई."

"मग वाळूची पोती टाकू."

"वाळू काय सांगती? इथं पिकअपमधी मेंढरंच जातात. आमी मेंढरं घालूनच बघतो."

त्यांची पद्धत अशी की गाडी तयार झाली की मेंढरंवाला गाठायचा. त्याला फुकट गाडी मिळते, यांना वजन मिळतं. स्टँडवर तसं सगळ्यांना माहीत असावं, कारण लाल फेटा बांधलेले एक गृहस्थ मेंढ्या घेऊन आधीच झाडाखाली बसले होते. मारोतीमामा. राणीसावरगावला व्याह्यांकडे निघाले होते.

"कवाधरनं बसलोय, गफूर! पेटी बसवायलास का मशीद बांधायलास?"

"फुकट जायलास, गप बस."

मेंढ्या चढल्या. मामा त्यांच्याबरोबर मागे उभे राहिले, गफूरभाई माझ्या शेजारी. मोकळ्या रस्त्यावर चौथा टाकला, साठला आले आणि छोटा दांडा ओढला. इंजिनाचा आवाज एकदम उतरला. कित्येक वर्षांत या गाडीत मला शेजारच्याचा श्वास ऐकू आला नव्हता. मग खालून घूं घूं सुरू झालं. आवाज मोठा नव्हता, पण नेमका त्या कानातल्या शिट्टीच्या सुरात. दोन-तीन किलोमीटरमध्ये डोकं भणभणलं. हे असंच राहणार असेल तर गाडी विकायची, एवढं मी मनाशी नक्की केलं.

मामांनी मागून टपावर थाप मारली. "थांबवा! जनावर बसंना झालंय. एकबी रवंथ करंना. पाय थरथरायलेत त्येंचे."

"तुला बघून थरथरत असतील," गफूरभाई म्हणाले, पण चेहरा उतरला होता.

"नारळ फोडला न्हाई, म्हणून झालंय हे," मामा म्हणाले.

थांबण्याआधी मी एकदा गाडी न्यूट्रल करून वेगात सोडून पाहिली. इंजिन खाली आलं तरी घूं घूं तसंच. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. मी तसं सांगितलं. गाडी कडेला घेतली आणि गफूरभाई पाना घेऊन खाली गेले.

"या अल्ला," खालून आवाज आला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांध्याचे कान असतात, ते एका रेषेत असावे लागतात, नाहीतर शाफ्ट थरथरतो. परत जोडताना शाफ्टचा दातेरी सरकता भाग एक दात पुढे बसला होता. "माझीच चूक, ताई. चष्मा गळ्यात ठेवून जोडला."

"मग डोळ्यावर कवा घालायचा? निकाहाला?" मामा म्हणाले.

रस्त्याच्या कडेलाच शाफ्ट उतरवून पुन्हा जोडला. मामांनी तोवर शेजारच्या शेतमालकाला मेंढ्यांसाठी पाणी मागितलं आणि आम्हाला गडव्यातून प्यायला दिलं.

पुन्हा साठ, पुन्हा दांडा. मी वाट पाहत राहिले. काहीच आलं नाही. राणीसावरगावच्या अलीकडे मी काच खाली केली आणि ओरडून विचारलं, "मामा, काय म्हणतात मेंढ्या?"

"बसल्यात की! चघळायल्यात! तुमी काय थांबू नका!"

परतताना मी बोळा काढला. चढावर भरल्या गाडीला ओव्हरड्राइव्ह ओढत नाही, तो सोडून चौथ्यावरच यावं लागतं. बसवू पाहणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. कानातली शिट्टी आहे तशीच आहे, ती जाणार नाही हे डॉक्टरांनीही सांगितलंय. पण त्या दिवशी वाढली नाही, आणि मला तेवढंच हवं होतं. पुढच्या आठवड्यात लातूरची ऑर्डर घेतली.

त्याच परतीच्या वाटेवर, गेवराई सोडल्यावर, मागे काहीतरी फडफडू लागलं. ताडपत्रीची दोरी सैल झाली होती. इंजिनाच्या किंचाळण्यात किती वर्षं ती अशी फडफडत आली असेल, कोण जाणे. थांबले, आवळली, निघाले.