कर्नेलची मेमरी पुसणारे सर

शिवलिंगप्पा सर कोरा फळासुद्धा पुसायचे. उमरग्याच्या आमच्या कॉलेजात ते कंप्युटर शिकवत, मी गणित. माझ्या आधी त्यांचा तास असे. फळा मला लखलखीत मिळायचा आणि सर मात्र पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे. "रिकामं दिसतंय म्हणून रिकामं असतंय का, मॅडम?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

फावल्या वेळात ते कर्नेलवर काम करत. कर्नेल म्हणजे कंप्युटर चालवणारा आतला गाभा. जगभरची माणसं मिळून तो लिहितात. त्यातल्या एका तुकड्यात मेमरीतला माहितीचा एक फॉर्म कोरा न करताच पुढच्या कामाला दिला जात होता. आधीच्याचं गुपित नंतरच्याच्या हाती! सरांनी तो पुसायची ओळ लिहिली, सगळ्यांना मेलवर पाठवली आणि स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "कर्नेलची मेमरी पुसली!"

ही बातमी शिपायामार्फत शेजारच्या मुरुम गावी पोचली. तिसऱ्या दिवशी तिथले फौजेतले निवृत्त हवालदार सूर्यवंशी मिशा पिळत स्टाफरूमच्या दारात हजर.

"आमच्या कर्नलसाहेबांची मेमरी पुसली म्हणं तुमी? काय बिघडवलं हुतं त्यांनी तुमचं?"

सरांनी त्यांना चहा पाजला आणि अर्धा तास खर्चून कर्नल आणि कर्नेल वेगळे केले. हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"ते झालं. पण खरंच पुसली गेली का, ते बघितलं का? आमी बंदूक पुसली म्हणलं तरी सायेब नळीत डोळा घालून बघायचा."

 सरांनी ते बघितलंच नव्हतं. लगेच कंप्युटर उघडून तपासलं. फॉर्म दोनशे बाइटचा, पुसले गेले होते पहिले आठ. फॉर्मचं माप द्यायच्या जागी सरांनी तो मेमरीत कुठं ठेवलाय त्या पत्त्याचं, म्हणजे आठच बाइटचं, माप दिलं होतं.

त्याच दुपारी त्यांनी सगळ्यांना कळवलं : चूक माझी आहे, हे घेऊ नका. मग दुरुस्त केलेली ओळ, या वेळी तपासून, पाठवली. ती स्वीकारली गेली. खाली 'सुचवणारे' म्हणून हवालदारांचं नाव होतं. त्यांनी मुरुमभर पेढे वाटले.

सर निवृत्त होऊन कलबुर्गीला लेकीकडं निघाले, तेव्हा बसस्टँडवर मी विचारलंच, "सर, ती पहिली ओळ कुणी वाचलीसुद्धा नव्हती. गुपचूप दुसरी पाठवायची की! जगभर कशाला सांगितलंत?"

"मेमरी पुसायची, मॅडम. चूक कशाला पुसायची?" बसच्या पायरीवरून सर म्हणाले. "उद्या दुसरा कुणी ती वाचंल, म्हणून वाचंल."