मीनलने केलेला गेम

माझी मैत्रीण मीनल वारल्यावर महिन्याभराने तिच्या आईने मला बोलावलं. "तिनं एक गेम केलाय म्हणे. सगळं इंग्रजीत आहे. सांगतेस का गं वाचून?"

आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. गेम कसला, चित्रांतून सांगितलेली गोष्टच होती ती. भविष्यातलं, निळ्या-गुलाबी दिव्यांचं एक शहर आणि चाळिसाव्या मजल्यावर एकटी राहणारी मुलगी. रोज संध्याकाळी एक यंत्रमानव तिच्या खिडकीत येऊन गप्पा मारायचा. त्याचं बोलणं मी लगेच ओळखलं; ते चिडवणं, ते फालतू विनोद, सगळं माझंच होतं. मग एके दिवशी तो आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. मुलगी खिडकी उघडी ठेवून बसून राहते, आणि गोष्ट संपते.

नव्या नोकरीच्या गडबडीत मी मीनलचे फोन घेणं कधी सोडलं, तेही मला आठवत नाही. माणूस ठरवून थोडाच दूर जातो? उद्या बोलू म्हणतो, एवढंच.

"मग? येतो का तो परत?" काकूंनी विचारलं.

"येतो, काकू."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "नाहीतर एकटी पडली असती पोर."