हरळीची नोकरी

सिंगापुरातल्या आमच्या कोंडोला, म्हणजे सोसायटीला, गोल्फवाडी हे नाव माझ्या नवऱ्यानं, प्रकाशनं दिलं. गेटवरच्या पाटीवर काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव आहे, पण ते टॅक्सीवाल्यांनासुद्धा आठवत नाही. जुरोंग ईस्टच्या एमआरटी स्टेशनपासून बसनं पंधरा मिनिटं, तीन इमारती, आणि समोर अठरा होलचं गोल्फचं मैदान. अठरा वर्षांपूर्वी आम्ही राहायला आलो तेव्हा इथं दोनच जाती होत्या: गोल्फकडे तोंड असलेले आणि रस्त्याकडे तोंड असलेले. गोल्फवाल्यांची ऐट काय वर्णावी! वर्षातून दोनदा कुणाची तरी काच फुटायची, तर त्याचंसुद्धा कौतुक. आमच्या शेजारच्या मिसेस टॅननी गॅलरीत येऊन पडलेले चेंडू काचेच्या बरणीत भरून ठेवलेत, लोणच्यासारखे. खेळायला मात्र आमच्यापैकी एकही जात नसे. मेंबरशिप परवडणारे लोक दुसरीकडे बंगल्यांत राहतात. आम्ही नुसते बघे.

त्या मैदानाचं गवत अकरा वर्षं ज्यानं सांभाळलं त्या निशिकांत जगदाळेची आणि माझी ओळख चोरीतून झाली. चोर मी. गणपतीचा आदला दिवस होता, दुर्वा कुठं मिळेनात, आणि समोर तर एवढं हिरवंगार पसरलेलं. म्हटलं, एकवीस काड्यांनी यांचं काय जातंय? सकाळी कुंपणाच्या फटीतून हात घातला, तोच पलीकडून आवाज आला, "ताई, ती नका घेऊ. काल औषध मारलंय."

मराठीत! मी जागच्या जागी गार. टोपी घातलेला, उन्हानं रापलेला एक तरुण उभा होता. "तळ्याच्या काठची आणून देतो," म्हणाला, "तिथं फवारत नाही." अर्ध्या तासानं गेटवर दुर्वांची जुडी हजर. त्यानंतर दर गणपतीला वाडीतल्या आठही मराठी घरांना निशिकांतकडून जुड्या यायच्या. माझी लेक अनघा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "आई, इट्स जस्ट ग्रास लाह!" तिला काय कळणार?

निशिकांत फलटणकडचा. राहुरीला शेतकी शिकला, आधी पुण्याच्या एका गोल्फ क्लबात होता, मग इथं एम्प्लॉयमेंट पासवर आला. ग्रीन, म्हणजे होलभोवतीचा गालिचासारखा गोल, तो ज्या गवताचा करतात ते आपल्या हरळीचंच, म्हणजे दुर्वांचंच, सुधारलेलं वाण. हरळी! गावाकडे शेतात ती घुसली की माणूस मेटाकुटीला येतो. त्याचे वडील, कमलाकर नाना, उभा जन्म खुरपं घेऊन हरळीच्या मागे लागलेले. आणि मुलगा परदेशात जाऊन पगार घेऊन तीच वाढवतो म्हटल्यावर म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. गावात कुणी विचारलं तर नुसतं "सिंगापूरला असतो" सांगायचे. काय करतो, ते नाही.

निशिकांतला हे फार लागायचं. आमच्याकडे चहाला आला की विषय फिरून तिथंच. "ताई, नानांनी एकदा येऊन माझं काम बघावं. बाकी काही नको." पण दर वर्षी नानांना काही ना काही कारण असायचंच.

मग बातमी आली, की क्लबच्या जमिनीचा करार संपतोय, डिसेंबरअखेर मैदान बंद, तिथं सरकारी फ्लॅट होणार. वाडीतल्या गोल्फवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एवढ्या वर्षांची ऐट, एका पत्रानं रस्त्याकडच्यांच्या रांगेत! मला थोडं हसू आलं आणि मग रडूही आलं, कारण मीही गोल्फकडचीच. निशिकांतला खतं विकणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, ऑफिसातली. म्हणजे दाखवायला यापुढे जमीन नव्हती. त्यानं परस्पर तिकीट काढलं आणि नानांना महिनाभरासाठी आणलंच.

शेवटचा सामना एका रविवारी होता. आमच्या गॅलरीखालीच अठरावं होल. त्याच्या ग्रीनवर रोग पडून सायकलच्या चाकाएवढे तीन डाग पिवळे झाले होते. निशिकांत निवांत होता. अशा वेळेसाठी अवजारांच्या शेडमागे एका वाफ्यात त्यानं तेच गवत वाढवून ठेवलं होतं. गुरुवारी तिथनं कापायचं, डागांवर बसवायचं. "रविवारी नानांना तुमच्या गॅलरीतून दाखवतो, ताई," म्हणाला. "वरून कसं दिसतं ते बघू देत."

नाना रोज पहाटे त्याच्याबरोबर मैदानावर यायचे आणि दहा वाजता माझ्याकडे चहाला. तोंडानं मैदानाबद्दल अवाक्षर नाही. गुरुवारी आले ते हात मातीनं भरलेले, आणि चेहरा पहिल्यांदाच खुललेला.

"लई दिसांनी काम केलं बघा," नाना म्हणाले. "पोराचा वाफा पार हरळीनं खाल्ला व्हता. शेजारी कामगारांच्या मिरच्या कशा झ्याक, आन् ह्यो असा. मैदानातली हरळी त्याच्या नोकरीची, तिला हात न्हाई लावला. वाफ्यातली मातूर मुळापासनं काढली. मुळं वर करून उन्हात टाकलीय, परत जीव धरायची न्हाई."

मी हातातली किटली खाली ठेवली. "नाना, अहो काय केलंत हे!"

मी सगळं सांगितलं. म्हातारा माणूस, खुर्चीत पार लहान होऊन बसला. चहा न घेताच उठले. मीही मागोमाग गेले.

निशिकांत वाफ्यापाशी उभा होता. वाफा तळहातासारखा स्वच्छ, आणि गवत उन्हात करपून गेलेलं. मला वाटलं आता हा ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "नाना, आता कंबर दुखेल तुमची. बसा."

मग मॅनेजरला भेटून त्यानं सरावाच्या ग्रीनची मागची कड कापायची परवानगी मिळवली. होल पाडायच्या नळीनं एकेक गोल काप मातीसकट उचलायचा, डागातली कुजकी माती काढायची, तिथं तो बसवायचा, कडेला वाळू भरायची. असे शंभराच्या वर काप. निशिकांत गुडघ्यांवर बसून पट्टीनं मोजत होता. काप केसभर वर राहिला तर काढून पुन्हा. नाना तासभर लांब उभं राहून बघत राहिले. मग धोतर खोचलं, त्याच्याशेजारी बसले आणि अंगठ्यानं वाळू दाबायला लागले. शुक्रवारीही तेच, शनिवारी पाणी आणि रोलर. मी डबे पोचवले.

रविवारी नाना माझ्याबरोबर गॅलरीत. आजूबाजूच्या सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या, मिसेस टॅन बरणी घेऊन. खाली निशिकांत कडेला उभा, नजर वर आमच्याकडे. एका वयस्क खेळाडूनं चेंडू हळूच ढकलला. तो मधल्या डागावरून सरळ गेला, जरासुद्धा न उडता, आणि होलात पडला. टाळ्या झाल्या. नानांनी होलाकडे बघितलंच नाही. त्यांची नजर जोडकामावर.

"गावात म्हनत्यात, जगदाळ्याच्या पोरानं शेती सोडली," नाना हळूच म्हणाले. "मीबी तेच म्हनत आलो. कुठं सोडली? आरं, माझ्यापरीस चोख केली त्यानं."

"नाना, हे त्याला सांगा की!"

"छ्या! पोराच्या तोंडावर काय सांगायचं?"

मंगळवारी म्हातारा विमानात बसला. सांगितलं नाही ते नाहीच. असा राग आला मला!

जानेवारीत यंत्रं आली आणि आठवड्याभरात सगळं खरवडून लाल माती उघडी पडली. त्या शनिवारी निशिकांत आला, इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ बूट, ओळखू येईना. गॅलरीत जाऊन उभा राहिला. म्हणाला, "जाऊ दे. नानांनी बघितलं तरी. आवडलं की नाही, देव जाणे."

आता माझ्याच्यानं राहवेना. नानांनी काय म्हटलं ते मी सांगून टाकलं.

तो वळला नाही. दोन्ही हात कठड्यावर. "परत सांगा ना, ताई," म्हणाला. "ते बोलले तसंच, त्यांच्या भाषेत."

मी सांगितलं. चहा गार झाला होता, म्हणून उठायला लागले, तर तो म्हणाला, "अजून एकदा."

मी परत बसले आणि पहिल्यापासून सांगितलं.